खालच्या ओळीतला झेंडा

पांढुर्णा,
दिवाळी तोंडावर, १९८८

आदरणीय भैय्याजी भाऊजी यांस, मुक्काम सावरगाव,

भगवंतरावाचा वाकून नमस्कार. (गुडघा दुखून राहिला म्हणून पुरतं वाकता आलं नाही, पण बहिणीच्या नवऱ्यापुढं जेवढं वाकावं लागते तेवढा वाकलो आहे, बाकीचं समजून घ्यावं.) आमच्याकडं सर्व ठीक. तुमच्याकडंही सर्व ठीक असेल असं धरून चालतो. नसेल तर मला कोणी कळवलं नाही, अन् काहून कळवलं नाही हे मी विचारून नाही राहिलो. तुमचा खोकला कसा आहे? विड्या कमी केल्या का? मागच्या वेळी तुम्ही कमी केल्या म्हणाले होते, पण तेव्हा तुमचा हात धोतराच्या मागं होता, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. संत्र्याचा आंबिया बहार झाडावर टिकला का गळून राहिला?

तुम्ही म्हणाल, नदीच्या या काठावरून त्या काठावर पत्र पोस्टानं कोण पाठवते बाप्पा? पुलावर उभं राहून खाकरलं तरी तुमच्या अंगणातलं कुत्रं भुंकते, हे मला मान्य आहे. पण आमचा चपराशी चिंधू याच्या हाती पत्र दिलं की तो रस्त्यात फोडून वाचते. त्याला वाचता येत नाही ही गोष्ट वेगळी. तो दुसऱ्याकडून वाचून घेते. पोस्टातही फोडत असतील असा मला संशय आहे, पण तिथं निदान सरकारी माणूस वाचते.

तर मुद्द्यावर येतो. शांता यंदा भाऊबीजेला येणार नाही, असं कुसुमकडून कळलं. (कुसुम म्हणजे तुमच्याच शेजारची, आमच्या घरी लोणच्याची बरणी न्यायला येते अन् निरोप ठेवून जाते. ती दोन्ही घरांत बरण्या काहून फिरवते याचाही एकदा शोध घ्यावा लागेल.) शांता लग्न होऊन नदीपलीकडं गेली तेव्हापासून एक भाऊबीज चुकली नाही. देवीदास पोटात होता तेव्हाही बैलगाडीत गादी टाकून आली होती. यंदा येत नाही म्हणते. नको येऊ! माझं काय अडलं? हे पत्र त्यासाठी नाहीच. हे पत्र तुमचे चिरंजीव देवीदास यांनी आमच्या संत्रा सोसायटीच्या कॉम्प्युटरात, पडद्याच्या अगदी खालच्या ओळीत, जे काही करून ठेवलं त्यासाठी आहे.

कॉम्प्युटर आणायची मुळात काही गरज नव्हती. पण सौंसरच्या एका सोसायटीनं आणला, अन् आमच्या संचालकांच्या पोटात दुखायला लागलं. आमचं काम तुम्ही जाणताच: कोणाच्या वाडीतून कधी तोड करायची अन् कोणाचा ट्रक आधी भरायचा, याचा नंबर लावणं. सभासद अर्धे पांढुर्ण्याचे, अर्धे तुमच्या सावरगावचे. इतकी वर्षं तो नंबर मी हातानं लावत होतो, अन् दोन्ही काठांचे लोक माझ्यावर सारखाच संशय घेत होते. तो संशय मी मोठ्या मेहनतीनं दोन्हीकडं बरोबर राखला होता, भाऊजी! मग सगळे म्हणाले, मशीनला ना काठ, ना सोयरे; मशीन नंबर लावेल. अन् प्रोग्राम कोण लिहील? तर आपला देवीदास. नागपुरात तेच काम करते, अन् घरचं पोरगं. घरचं म्हणजे दोन्ही घरचं, कारण शाळेची सगळी वर्षं तो माझ्याच ओसरीवर झोपला आहे. पांघरूण लाथाडायची त्याची सवय तुम्हाला ठाऊक नसेल, मला ठाऊक आहे.

प्रोग्राम त्यानं केला, चांगला केला, खोटं कशाला बोलू. पण बटन दाबलं की मशीन जे मुकं व्हायचं, ते वीस-पंचवीस मिनिटं मुकंच. पडदा जसाच्या तसा. आतून नुसता घुर्रघुर्र आवाज. सभासद दारात उभे, बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवून राहिले, अन् आत हे ध्यान लावून बसलं. चिंधूला वाटायचं मशीन मेलं, तो जाऊन बटन बंद करायचा, की सगळा नंबर पहिल्यापासून. असं दोन-तीनदा झालं. मी देवीदासला बोलावून सांगितलं, पोरा, चुलीवर भात ठेवला तर झाकण तरी वाजते. तुझ्या मशीनला काहीतरी झाकण लाव. तो हसला. म्हणे मामा, खालची एक ओळ मी मोकळीच ठेवली आहे, तिला स्टेटस लाईन म्हणतात, तिच्यात एक पट्टी टाकून देतो. काम जसं होईल तशी डावीकडून उजवीकडं भरत जाईल. पट्टी भरली की काम झालं. अन् त्यानं ती टाकली. छोटे छोटे हिरवे चौकोन, एकामागं एक. अन् पट्टीच्या शेवटाला, उजव्या टोकाला, एक बारीकसा झेंडा.

पट्टीवर माझा स्वतःचा संशय पहिल्या दिवसापासून होता, तो आधी सांगतो. माझं म्हणणं एवढंच, की काम किती उरलं हे ज्याला ठाऊक आहे तो ते करून मोकळा काहून होत नाही? हिशोब करायची अक्कल आहे तर काम करायची नाही? देवीदास म्हणे, मामा, सभासद किती ते त्याला ठाऊक असते, किती जणांचा नंबर लागला ते तो मोजते, तेवढे चौकोन भरते. हे पटलं. पण मग पट्टी सुरुवातीला बैल उधळल्यासारखी धावते अन् शेवटच्या चौकोनापाशी येऊन बसून राहते, हे कसं? म्हणे, शेवटी सगळं फ्लॉपीवर लिहावं लागते, त्याला वेळ लागते. मी एकदा कोणी नाही असं पाहून पडद्याला कान लावून बसलो, पट्टी खरंच पुढं सरकताना आवाज होते का ते ऐकायला. तेवढ्यात वंदना आली. (वंदना म्हणजे आमची मशीन चालवणारी मुलगी. बोरगावहून बसनं येते, म्हणजे दोन्ही काठांच्या बाहेरची, म्हणूनच ठेवली.) तिनं काही विचारलं नाही. तिचं न विचारणं मला आवडलं नाही.

आता खरी गोष्ट. आमच्या हापिसात मशीनसमोर बसलं की डावा हात बाजाराकडं येते, म्हणजे पांढुर्ण्याकडं, अन् उजवा हात नदीकडं, म्हणजे सावरगावकडं. अन् झेंडा उजव्या टोकाला! (तुम्हाला गोटमार काय सांगायची, पण पोस्टातल्या वाचणाऱ्यांसाठी लिहितो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, अन् दोन्ही काठांचे लोक एकमेकांवर गोटे फेकतात. पांढुर्ण्याच्यांनी झेंडा काढून आणायचा, सावरगावच्यांनी आणू द्यायचा नाही. डोकी फुटतात, मग संध्याकाळी तेच लोक एकमेकांच्या डोक्याला हळद लावतात.) यंदाच्या पोळ्याला झेंडा काही कारणानं निघालाच नव्हता. दोन्हीकडं जीव अडकलेला होता. अन् अशा वेळी तुमच्या चिरंजीवांनी पट्टीला झेंडा लावला.

पहिल्या संध्याकाळी बटन दाबलं, चौकोन पांढुर्ण्याकडून निघाले, अन् आमचे गुलाबराव हळूच म्हणाले, चालली रे चालली. कोणी हसलं. मग सगळेच पुढं सरकले. पट्टी अर्ध्यावर गेली तशी टाळ्या सुरू झाल्या, अन् झेंड्याला टेकली तेव्हा आमच्या लोकांनी अशी आरोळी ठोकली की ट्रकवाले गाड्या सोडून आत आले. तुमचे ते दत्तात्रय मात्र पुढं आले अन् पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "झेंडा नदीत असते बाप्पा. तुम्ही तं आमच्या अंगनात आनून रोवला." अन् नशीब कसं पाहा, त्याच दिवशी पहिले तीन नंबर पांढुर्ण्याचे निघाले. झालं! सगळ्या परगण्यात बोभाटा झाला, की पट्टी ज्याच्या बाजूनं झेंड्याला लागते त्याचा ट्रक आधी भरते.

मी देवीदासला तार करून बोलावलं. त्यानं खूप समजावलं, की झेंड्याचा अन् नंबराचा काही संबंध नाही, तो नुसता शोभेला आहे. जो माणूस शोभेला आहे म्हणते त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला आहे का? मग त्यानं झेंडा मधोमध आणला. तर पट्टी डावीकडून निघाली, झेंड्यापर्यंत पोचली, अन् तिथं न थांबता तशीच पुढं सावरगावच्या हद्दीत! त्या दिवशी खुर्च्या मोडल्या. मग तुमच्या लोकांनी मागणी केली की पट्टी उजवीकडूनही निघाली पाहिजे. बिचारा (तेव्हा मला तो बिचारा वाटत होता) रात्रभर बसला अन् त्यानं दोन पट्ट्या केल्या: डावीकडची वाचायचं काम दाखवते, उजवीकडची लिहायचं, अन् दोघी मधात झेंड्यापाशी भेटतात. आता मशीन वाचते भराभर अन् लिहिते हळू, हा मशीनचा स्वभाव. त्याला देवीदास काय करेल? पण सावरगाववाले म्हणाले, आमचा माणूस मुद्दाम लंगडा केला.

त्यानंतर हापिसात जे सुरू झालं ते लिहायला लाज वाटते. मशीनला हळदकुंकू लागलं. कोणीतरी पडद्यावर लिंबू-मिरची टांगली, ती पलीकडच्यांनी टांगली म्हणून दोन्हीकडच्यांनी काढली, अन् दुसऱ्या दिवशी दोन टांगलेल्या निघाल्या. वंदनाच्या डाव्या बाजूला आमचा एक माणूस, उजव्या बाजूला तुमचा एक, अशी राखण बसली. एंटर तिनं कोणत्या हातानं दाबायचा यावर चर्चा झाली. शेवटी ती दोन्ही हात मिळून दाबायला लागली, जशी देवाला नमस्कार करते. इकडं वाड्यांमधला माल पिवळा होऊन झाडाखाली पडून राहिला, अन् हे शहाणे पट्टी पाहायला सहकुटुंब येऊन राहिले. चहावाल्यानं दारातच टपरी टाकली. (पट्टी जेवढी हळू तेवढा त्याचा चहा जास्त, म्हणून मशीनची वायर तोच ढिली करते असा माझा संशय होता. मी वायरपाशी चिंधूला बसवलं. आता चिंधूवर लक्ष ठेवायला कोणी नाही.)

अन् मग ती आमसभा. तुम्ही होतेच, मागच्या रांगेत, खांबाला टेकून. तुम्ही हसून राहिले होते. काहून हसले ते मी अजून विचारलं नाही. ठराव झाला की सर्वांसमक्ष बटन दाबायचं अन् एकदाचा निकाल लावायचा. देवीदास नागपूरहून आला, शांताही आली होती. तिनं दोन डबे आणले होते, एक पोराचा अन् एक माझा. मला दुरूनच कळलं की त्यात रश्शातल्या पातोड्या आहेत, कारण ती डबा दोन्ही हातांनी धरून उभी होती. बटन दाबलं. दोन्ही पट्ट्या निघाल्या. यावेळी काय झालं कोण जाणे, दोघी बरोबरीनं चालल्या. झेंड्याला इकडून एक चौकोन उरला, तिकडून एक चौकोन उरला, अन् विजेची लाईन गेली.

अंधारात जो गोंधळ झाला त्यात पहिला आवाज गुलाबरावांचा होता: म्हणे पोट्टं सावरगावचं आहे, बापाच्या गावची बाजू घेतली. दुसरा आवाज दत्तात्रयचा: म्हणे मामाच्या घरचं खाऊन मोठं झालं, मामाची बाजू घेतली. मग सगळेच. चोर म्हणाले, फितूर म्हणाले. चिंधूनं कंदील आणला तेव्हा देवीदास मशीनवर हात ठेवून मधात उभा होता, अन् दोन्हीकडून बोटं त्याच्याकडं. मी व्यवस्थापक. शांतता राखणं माझं काम. मी फक्त एवढंच विचारलं, सगळ्यांचं समाधान व्हावं म्हणून, की "देवीदास, तू एकदाचं सांगून टाक, तू कोनाकडचा?" बस! यात वाईट काय आहे? साधी चौकशी आहे. तो माझ्याकडं पाहत राहिला. पिशवी उचलली अन् निघाला. शांता माझ्यापाशी आली, तिनं तोंडातून शब्द काढला नाही, माझ्या टेबलावर ठेवलेला डबा उचलला, अन् दोन्ही डबे घेऊन पोराच्या मागं गेली. आमच्या आईच्या पोटची ती, तिला बोलायला शब्द कमी पडत नाहीत. ती बोलली असती तर मला इतकं लागलं नसतं.

तेव्हापासून पोरगा पांढुर्णा स्टेशनवर उतरत नाही. चिंधूच्या मेव्हण्यानं त्याला परवा पुढं तिगावला उतरून सायकलवर मागं येताना पाहिलं. मामाचं घर स्टेशनच्या रस्त्यावर आहे म्हणून एवढा वळसा! याला काय म्हणायचं? ज्याच्या मनात काही नाही तो सरळ रस्त्यानं जाते, चोराच्या मनात चांदणं. आमची सौ. प्रेमलता म्हणते, चांदणं तुमच्याच मनात आहे. तिला या प्रकरणातलं काही समजत नाही. (तिचं माहेर नरखेडकडचं.)

तरी आता तुम्ही वडील या नात्यानं दोन गोष्टी कराव्या. एक, पट्टीला झेंडा लावायची कल्पना मुळात कोणाची, हे मला लेखी कळवावं. तुमची असेल तर तसं स्पष्ट लिहावं. मी राग मानणार नाही, फक्त संचालकांना वाचून दाखवीन. दुसरी, देवीदासला ताबडतोब पाठवून पट्टी दुरुस्त करवावी, कारण सोसायटीचं काम अडलं आहे अन् तुमच्या सावरगावचाही माल पडून राहिला आहे. मशीनच्या कामासाठी यायचं, मशीनचं काम करायचं अन् जायचं. घरी यायलाच पाहिजे असं माझं काही म्हणणं नाही. ओसरीवरची खाट मी हलवली नाही, पण ती जड आहे म्हणून.

मोठ्यांना वाकून, लहानांना डोक्यावर हात ठेवून, अन् तुमच्या कुत्र्याला दुरून. खोकल्याला ज्येष्ठमध घ्या.

तुमचा साळा,
भगवंतराव

ता. क. पाकीट डकवायच्या आधी वंदनाला सहज विचारलं, झेंड्याची कल्पना कोणाची? ती म्हणते, साहेब, तुमचीच. म्हणे पहिल्याच दिवशी तुम्ही देवीदासभाऊंना म्हणाले, आपल्या लोकांना शेवट कुठं आहे ते कळलं पाहिजे, टोकाला एखादा झेंडा-बिंडा लाव. मला असं काही आठवत नाही. चिंधूलाही आठवते म्हणते. दोघं मिळालेले आहेत असा मला संशय आहे. तरी पहिल्या मुद्द्याचं उत्तर लेखी न पाठवलं तरी चालेल.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं आठवडाभर राहून गेलं, अन् पट्टीही आता राहिली नाही. देवीदासनं आमसभेच्या आधीच वंदनाला शिकवून ठेवलं होतं, की फारच भांडण झालं तर ती ओळ कशी बदलायची. तिनं सोमवारी बदलली. आता खाली नुसतं लिहून येते, एवढ्या जणांचं झालं, एवढे उरले. आकडा सरळ मधात उभा राहते, त्याला डावं नाही, उजवं नाही. पहिल्या दिवशी लोक आले, थोडा वेळ पाहत बसले, कंटाळून घरी गेले. चहावाल्यानं टपरी उचलली. ट्रक रोज निघून राहिले, तुमचे दत्तात्रय कालच माल भरून गेले, जाताना मला पान देऊन गेले. म्हणजे मशीनला देवीदासची काहीच गरज नाही, अन् वर जे दुरुस्तीचं लिहिलं ते वाचू नये.

ता. क. तिसरा अन् शेवटचा. हे शांताला दाखवू नका. कुसुम आज परत आली होती, बरणी न घेता. शांतानं दळताना तिच्यापाशी म्हटलं म्हणे, "ज्या बाईले भाऊ नसते ते चंद्राले ओवाळते. मीबी यंदा चंद्रालेच ओवाळीन." भाऊजी, मी जिवंत आहे. मी नदीच्या इकडंच बसलो आहे. त्या पोराला मी जे विचारलं ते विचारायला नको होतं, हे मला तो पाठ फिरवून गेला तेव्हाच कळलं होतं. पोराला सांगा मामा बोलावून राहिला, काम काही नाही, जेवायला ये. अन् शांताला घेऊन या. ती नाहीच म्हणाली तर भाऊबीजेला मी सकाळपासून तुमच्या दारात येऊन बसतो, अन् ताट घेऊन बाहेर येईपर्यंत उठत नाही. तिला म्हणा, चंद्राला ओवाळणाऱ्या बहिणी गावोगाव आहेत. मला एकच आहे.